एकटीनं सुरू करायचा ट्रक

२ फेब्रुवारी, सोमवार

आज पुन्हा उजवा हात पेट्रोलनं माखला. साबणानं तीन वेळा धुतला, तरी जेवताना भाताला पेट्रोलचा वास येत होता.

रोजचा कार्यक्रम असा. सकाळी सहाला मी ट्रकच्या बंपरवर चढतो, बॉनेटमध्ये डोकं घालतो आणि कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबून धरतो. लेक आत बसून किल्ली फिरवते. इंजिन चार वेळा खोकतं. मी ‘थांब!’ म्हणून ओरडतो, ती ‘काय?’ म्हणून ओरडते, आणि बायको खिडकीतून ‘अहो, शेजारी झोपलेत!’ असं आमच्या दोघांपेक्षा मोठ्यानं ओरडते. मग इंजिन सुरू होतं. एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाची ही अवस्था आहे.

कारण साधं आहे. गार इंजिनाला सुरू होताना हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं. त्यासाठी कार्बोरेटरच्या तोंडाशी एक झडप असते, तिला चोक म्हणतात. इंजिन गार असताना तिनं मिटायचं, तापलं की उघडायचं. आमच्या ट्रकमध्ये ती गरम हवेच्या नळीवर चालायची. नळी गंजली तेव्हा आधीच्या मालकानं ती कापून टाकली आणि झडप तारेनं उघडी बांधून ठेवली. तेव्हापासून झडपेच्या जागी कुणाचा तरी हात लागतो. दोन महिन्यांपूर्वी लेकीनं हा ट्रक घेतला, तेव्हापासून तो हात माझा. ट्रक छोटा आहे, पेट्रोलवर चालतो आणि वयानं तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आहे.

आज ती बातमी घेऊन आली. शहराच्या त्या टोकाच्या मोठ्या बेकरीला पाव पोचवायला गाडी हवी आहे. एक हॉस्पिटल आणि दोन वसतिगृहं. सोळा तारखेपासून सहा दिवस चाचणी. ट्रक रात्री त्यांच्याच आवारात उभा करायचा आणि सकाळी पावणेसहाच्या आत माल भरून फाटकाबाहेर पडायचं. एक दिवस जरी उशीर झाला, तरी काम नव्या डिझेल गाडीवाल्या दुसऱ्या माणसाला जाणार. फाटकाच्या आत फक्त ड्रायव्हर. ‘‘नातेवाईक चालणार नाहीत,’’ असं तिथल्या व्यवस्थापकानं तिला स्पष्ट सांगितलं. मदतीला येणारा नातेवाईकच असणार हे त्याला कसं कळलं, देव जाणे.

म्हणजे ट्रक तिला एकटीनं सुरू करता आला पाहिजे. माझा हात तिथे नसणार.

दोन वर्षांपूर्वी ती सासर सोडून परत आली, तेव्हा खोलीचं दार अर्धवट लोटून बसायची. पूर्ण लावायची नाही, पूर्ण उघडायचीही नाही. ट्रक आल्यापासून ती घरात शीळ घालते. बायकोला मुलीनं शीळ घातलेली आवडत नाही, पण ती एक अक्षर बोलत नाही. मीही बोलत नाही. हे काम तिला मिळालंच पाहिजे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सुटला प्रश्न! सुट्या भागांच्या दुकानात मला इलेक्ट्रिक चोक सापडला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी गोल डबी, आत द्विधातूच्या पट्टीची गुंडाळी. विजेनं पट्टी तापते, तापली की वळते, वळली की झडप उघडते. गार असताना झडप आपोआप मिटलेली. हात नको, बंपर नको, ओरडाआरडा नको.

ही पट्टी मी एकतीस वर्षं फळ्यावर काढली आहे. दुकानदाराला तिथल्या तिथे तत्त्व समजावून सांगितलं. त्याच्याकडे गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी शेवटपर्यंत ऐकून घेतलं बिचाऱ्यानं.

घरी आल्यावर बायकोला डबी दाखवली. ती म्हणाली, ‘‘फळ्यावर काढलीत ते ठीक. गाडीत कधी बसवलीत?’’

लेक म्हणाली, ‘‘बाबा, वायरिंगचं काम आहे. चौकातल्या इलेक्ट्रिशियनला दाखवूया का?’’

चौकातला इलेक्ट्रिशियन म्हणजे फ्यूज. माझा विद्यार्थी. नववीत असताना ह्यानं प्रयोगशाळेतल्या फ्यूजच्या खोक्यात तारेचा तुकडा घालून अख्ख्या शाळेची वीज घालवली होती, तेव्हापासून गावभर त्याचं नाव फ्यूज. मी त्याला महिनाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता तो गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवतो आणि लोक लांबून लांबून त्याच्याकडे येतात म्हणे. येवोत. मी जाणार नाही. शिक्षकानं विद्यार्थ्याकडे उत्तर विचारायला जायचं म्हणजे हद्द झाली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बसवला! दुपारचे तीन तास गेले. जुनी बांधलेली तार कापली, डबी तीन स्क्रूंनी घट्ट केली, आणि वीज घेतली जवळच्याच, इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलवरून. कॉइलला किल्ली फिरवल्यावरच वीज मिळते, म्हणजे चोकलाही तेव्हाच मिळणार. किती सोपं!

लेकीनं किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झालं. मी अंगणात उभा होतो, हात मागे बांधून. कोरडे हात. पाच-सहा मिनिटांत झडप हळूहळू उघडली, मी डोळ्यांनी पाहिली. लेकीनं खाली उडी मारून मला मिठी मारली. बायकोनं गोड शिरा केला.

त्या फ्यूजला कळवायला हवं कुणीतरी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पाण्याच्या टाकीच्या चढावर ट्रकनं मान टाकली. मागे रिकामा, तरी धक्के देत, रडत रडत चढला आणि माथ्यावर बंद पडला. मी शेजारी बसलो होतो. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून जीव खाल्ला. एकानं तर खिडकीतून माझं वय काढलं.

लेक खाली उतरली. तिनं फोन काढला, बाजूला जाऊन कुणाशी तरी बोलली. परत आली तेव्हा म्हणाली, ‘‘रविवारी फ्यूज येतोय. तुम्हाला घरी थांबायचं नसेल तर फिरायला जा.’’

माझ्या घरातून मी का जाऊ?

८ फेब्रुवारी, रविवार

फ्यूज आला. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून वायरिंग करायला येणारा इलेक्ट्रिशियन मी पहिल्यांदाच पाहिला. आल्या आल्या पाया पडला. मग बॉनेटमध्ये दोन मिनिटं नुसता बघत राहिला.

‘‘सर,’’ तो म्हणाला, ‘‘कॉइलच्या तोंडचा घास काढून चोकला दिलाय आपण. चढावर ठिणगीला पूर्ण वीज लागते, ती तिला मिळत नाहीये.’’

‘आपण’ म्हणाला. चूक माझी होती, पण आपण म्हणाला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानं किल्लीच्या स्विचवरून नवी तार ओढली, मध्ये एक खराखुरा फ्यूज आणि रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, बसवला. तार इंजिनापासून लांबून, क्लिपा मारून नेली. काम स्वच्छ करतो, हे मान्य करायला हवं. लेक टॉर्च धरून उभी होती. दोघं काहीतरी बोलत होते आणि ती हसत होती. वायरिंगमध्ये एवढं हसण्यासारखं काय असतं, मला कळलं नाही.

चाचणी घेतली. गार इंजिन एका झटक्यात सुरू, आणि चढावर ट्रक वाऱ्यासारखा गेला. बायकोनं त्याला चहा दिला, मग दुसरा दिला, मग जेवायलाच थांबवलं. मी म्हटलं, ‘‘अगं, त्याची दुसरी कामं असतील.’’ तर तो म्हणाला, ‘‘नाही सर, आज काहीच नाही.’’ एवढ्या नावाजलेल्या माणसाला काम नाही, म्हणजे धंदा तितकासा चालत नसावा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सगळं ठीक चाललंय. तरी मला दोन दिवस एक गोष्ट खटकते आहे.

त्या डबीच्या मागे पॅकिंग नाही. धातूवर धातू तसाच टेकवलेला. कुठल्याही जोडामध्ये कागदाचं किंवा रबराचं पॅकिंग हवंच, नाहीतर फटीतून हवा जाते. जुन्या चोकला होतं, त्याचे तुकडे मी स्वतः खरवडून काढले होते. मी घाईत विसरलो ते विसरलो, पण फ्यूजच्याही लक्षात येऊ नये? विद्यार्थी शेवटी अर्धवटच.

आज लेक बाहेर गेली असताना मी डबी उघडली. जुन्या हजेरीपुस्तकाच्या जाड पुठ्ठ्यातून कंपासनं गोल आखून चकती कापली. तीन स्क्रूंसाठी तीन भोकं, अगदी मापात. शिवाय स्क्रूंच्या खाली पुठ्ठ्याच्या छोट्या चकत्या आणि भोकांत बारीक नळ्या, म्हणजे कुठून म्हणून हवा जायला नको. डबी परत बसवली. इतकं नेटकं काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. कुणाला सांगितलं नाही. कशाला उगाच त्या पोराचा कमीपणा दाखवा.

११ फेब्रुवारी, बुधवार

ट्रक धूर सोडतोय. काळा, दाट. सकाळी सुरू छान झाला, पण दहा मिनिटांनीही इंजिन गुरगुरतच होतं, पेट्रोलचा वास अंगणभर, आणि फाटकापाशी गचके खाऊन बंद. झडप उघडतच नाही. डबीला हात लावून पाहिला तर थंडगार.

मी लेकीला म्हटलं, ‘‘बघ, तुझ्या फ्यूजचं वायरिंग! दोन दिवस नाही टिकलं.’’

ती म्हणाली, ‘‘माझा कुठला?’’ आणि एकदम तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. रागावली असणार. रागावण्यासारखंच आहे, चाचणीला पाच दिवस राहिलेत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फ्यूज दुकान बंद करून धावत आला. मी त्याला दारातच सुनावलं. गृहपाठ न केलेल्या मुलाला सुनावावं तसं. तो मान खाली घालून ऐकत होता.

मग त्यानं टेस्ट लॅम्प काढला. दोन तारांचा छोटा दिवा, वीज येते का बघायला. एक टोक चोकच्या तारेला, दुसरं इंजिनाला. दिवा लागला. म्हणजे वीज डबीपर्यंत येते आहे. तरी डबी गार!

तो खाली वाकून बराच वेळ डबीच्या कडेकडे बघत राहिला. बोटानं कड चाचपली. मग माझ्या हातांकडे बघितलं, मग पुन्हा डबीकडे. लेकही वाकली. ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यानं तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि हळूच म्हणाला, ‘‘अगं, राहू दे.’’

अगं! माझ्या मुलीला, माझ्यासमोर! हल्लीच्या पोरांना रीतभात म्हणून नाही.

‘‘सर, मला काही उमगत नाहीये,’’ तो मला म्हणाला. ‘‘तुम्हीच बघा. वीज येतेय, पण पट्टी तापत नाहीये. तुमच्यासारखं तत्त्व आम्हाला कुठे येतं.’’

आणि गेला. वेंधळा तो वेंधळाच, टेस्ट लॅम्प तसाच अडकवून गेला. एक टोक चोकच्या तारेला आणि दुसरं इंजिनाच्या ऐवजी डबीच्या मागच्या पत्र्याला. ओठ दाबून हसत होता की काय, कोण जाणे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज शीळ नाही. दुपारी लेकीच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

मी बाहेर उभा राहिलो. आत जावं की नाही कळेना. शेवटी तिथूनच विचारलं, ‘‘चहा घेणार?’’

‘‘नको, बाबा.’’

थोड्या वेळानं तीच म्हणाली, ‘‘बाबा, नाही जमलं तर मी त्यांना नाही म्हणून कळवते. उगाच पहिल्या दिवशी तोंडघशी पडण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.’’

तिचं लग्न मोडलं तेव्हा मी तिच्यासाठी काही करू शकलो नव्हतो. नुसता येरझाऱ्या घालत होतो. आज एक गोल डबी आहे, एक तार आहे, एक पट्टी आहे, आणि हे तरी मला आलं पाहिजे ना? एकतीस वर्षं मी नेमकं काय शिकवलं?

‘‘सोमवारपर्यंत कुणाला काही कळवायचं नाही,’’ मी दारातून म्हटलं. आवाज वर्गातला निघाला. तिनं हो म्हटलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

बिघाड सापडला.

सकाळी बॉनेट उघडलं. फ्यूजचा दिवा अजून तसाच अडकलेला. किल्ली फिरवली. दिवा लागला नाही. म्हटलं, परवा तर लागला होता. दुसरं टोक डबीच्या पत्र्यावरून काढून इंजिनाला लावलं. लागला. परत पत्र्याला लावलं. नाही लागला.

इंजिनाला लागतो, पत्र्याला लागत नाही. पत्रा आणि इंजिन यांच्यात अंतर किती? कागदाच्या जाडीचं.

मी बंपरवरून खाली उतरलो आणि अंगणातल्या पायरीवर बसलो. वीज तारेनं आत जाते, पट्टी तापवते आणि डबीच्या पत्र्यातून, स्क्रूंमधून, इंजिनातून बॅटरीकडे परत जाते. जाणार कशी? मध्ये मी पुठ्ठा घातलाय. स्क्रूंनासुद्धा पुठ्ठ्याचे कपडे शिवलेत. परिपथ पूर्ण झाल्याशिवाय विद्युतधारा वाहत नाही. हे वाक्य मी नववीच्या प्रत्येक वर्गाला पन्नास-पन्नास वेळा लिहायला लावलं आहे. फ्यूजला शंभर वेळा.

चांगला चाललेला ट्रक मी बिघडवला. माझ्या नेटक्या हातांनी. आणि दारात उभं करून त्या पोराला झाडलं.

बायको बाहेर आली. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता महिनाभर चिडवणार. ती शेजारी बसली आणि म्हणाली, ‘‘आधी पुठ्ठा काढा. मग त्याला सांगायला जा. आणि नुसतं सांगू नका, माफी मागा.’’

स्क्रू काढले, चकती काढली, पत्रा आणि त्याच्या खालची जागा घासून लख्ख केली, डबी धातूवर धातू बसवली. इंजिन सुरू केलं. डबीवर बोट ठेवून उभा राहिलो. एक मिनिट. दोन. बोटाला ऊब लागली! तापली! चार मिनिटांनी हात ठेववेना, आणि झडप कशी उघडत गेली म्हणता, एखादं माणूस झोपेतून आरामात उठावं तशी. मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही, पण या वेळी शेजारीच गॅलरीत येऊन उभे राहिले.

लेक धावत आली. तिला सांगितलं. पुठ्ठ्यापासून सगळं. वाटलं होतं, हसेल. तिनं माझा काळा हात धरून आपल्या गालाला लावला आणि नुसती उभी राहिली. तिच्या गालावर पाच बोटं उमटली.

मग फ्यूजच्या दुकानात गेलो. तीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोरच म्हटलं, ‘‘चूक माझी होती. वायरिंग तुझं बरोबर होतं. मी तुला उगाच बोललो.’’

तो इतका गडबडला की हातातला पाना पडला. ‘‘सर, मला तर खरंच काही कळलं नव्हतं हो.’’

मी म्हटलं, ‘‘तुझा दिवा विसरला होतास, त्यानंच मला वाट दाखवली. योगायोग बघ!’’

‘‘हो ना,’’ तो म्हणाला. ‘‘योगायोगच.’’ मग चकती मागून घेतली. म्हणे, फार सुंदर कापली आहे, टेबलावर कप ठेवायला होईल. उगाच नाही म्हटलं मी, हाताला वळण आहे माझ्या.

१५ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी ट्रक बेकरीच्या आवारात उभा राहिला. जायच्या आधी मी लेकीकडून पाठ करून घेतलं. किल्लीच्या आधी पायाखालचा ॲक्सिलरेटरचा पेडल एकदा पूर्ण दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे झडप मिटते. मग किल्ली. इंजिन सुरू न करता किल्ली चालू ठेवायची नाही, नाहीतर पट्टी उगाच तापते आणि गार इंजिनावर झडप उघडी पडते.

तिनं अकरा वेळा म्हणून दाखवलं. अकराव्यांदा म्हणाली, ‘‘बाबा, आता मी सांगते, तुम्ही पाठ करा. सहा दिवस बेकरीच्या आसपास फिरकायचं नाही.’’

शब्द दिला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पाच बेचाळीस. फाटकाबाहेर. पहिल्याच किल्लीला. फोन आला तेव्हा बायको आणि मी दोघंही स्वयंपाकघरात उभे होतो, बसायचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पाच चाळीस.

संध्याकाळी फ्यूज आला होता, ‘रिले ठीक आहे ना’ विचारायला. ट्रक इथे नाही हे त्याला माहीत आहे. तरी दोन तास बसला. शिष्यानं इतका जीव लावावा, हे भाग्य सगळ्या शिक्षकांच्या वाट्याला येत नाही. बायको म्हणते, ‘‘तुम्हाला काही दिसत नाही का हो?’’ मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय खरा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पाच एक्केचाळीस. पाच दिवस झाले, राहिला एक.

पण गारठा भयंकर वाढलाय. आज सकाळी अंगणातल्या बादलीत पाण्यावर बर्फाची साय होती. उद्या याहून जास्त थंडी, असं रेडिओवर सांगत होते. इतक्या थंडीत तो चोक आपण पाहिलेला नाही. पाच दिवस चाललं आणि सहाव्या दिवशी ट्रकनं हात वर केले, तर? तिनं पाच दिवस कमावलेलं एका सकाळी जाईल.

शब्द दिलाय. शब्द म्हणजे शब्द. मी जाणार नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

काम मिळालं. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत लिहिता येईल. वर्षभराचं काम. दुपारी व्यवस्थापकानं कागदावर सही केली. लेक आत्ता शेजारच्या खोलीत झोपली आहे, भर दुपारी, घोरत. दार सताड उघडं आहे. बायको ते लावायला गेली होती, मी तिला लावू दिलं नाही.

तर सकाळचं. शब्द मी मोडला. पहाटे बायकोला म्हटलं, ‘‘जरा फिरून येतो.’’ ती अंथरुणातूनच म्हणाली, ‘‘बेकरीच्या बाजूला हवा चांगली असते म्हणतात. कानटोपी घाला.’’

खिशात स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि वीतभर तार घेतली. आत सोडणार नाहीत हे माहीत होतं. तरी घेतली. पहिल्या बसनं गेलो. बेकरीच्या आवाराला उंच भिंत आहे, आत ताज्या पावाचा वास, बाहेर हाडं गोठवणारा गारठा. मी भिंतीच्या कडेनं, दिव्याचा उजेड टाळत, फाटकाच्या अलीकडच्या खांबामागे लपायला गेलो. तर तिथे आधीच कुणीतरी उभं.

फ्यूज! मफलर गुंडाळलेला, हातात हत्यारांची पेटी.

‘‘तू इथे काय करतोयस?’’ मी कुजबुजलो.

‘‘सर, ते... वायरिंग माझं आहे ना,’’ तो म्हणाला. ‘‘आणि तुम्ही?’’

‘‘पट्टी माझी आहे,’’ मी म्हटलं.

मला भरून आलं. एका तारेसाठी इतक्या थंडीत येणारा कारागीर! मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो कापत होता. आम्ही दोघं भिंतीला कान लावून उभे राहिलो.

पाच तेहतीसला आत ट्रकचं दार आपटलं. तिचंच, ते दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. मग स्टार्टरचा आवाज. कुर्र, कुर्र, कुर्र... आणि बंद. इंजिन धरलं नाही.

पुन्हा कुर्र, कुर्र, कुर्र. पुन्हा बंद.

‘‘पेडल!’’ मी भिंतीला म्हटलं. ‘‘पेडल दाबला नाहीस तू!’’ फ्यूजनं माझा दंड धरला. त्याची नखं कोटातून रुतत होती. आत कुणीतरी पुरुष मोठ्यानं म्हणाला, ‘‘मॅडम, धक्का मारायला माणसं बोलावू का?’’

आणि तिचा आवाज आला. शांत. ‘‘नको. एक मिनिट थांबा.’’

ते मिनिट मी आयुष्यात विसरणार नाही. मला तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं. भिंत होती, फाटक होतं, नियम होता. हात खिशात होता, त्यात स्क्रू ड्रायव्हर होता आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. ती एकटी होती. मी मनात म्हणत होतो, पोरी, तुला येतं. तुला सगळं येतं. घाई करू नकोस.

पेडलचा आवाज भिंतीपलीकडे येत नाही. पण ती थांबली ना, त्या थांबण्यावरून मला कळलं, आता ती बरोबर करते आहे. किल्ली बंद, पेडल एकदा पूर्ण, सोडला. मग किल्ली.

कुर्र, आणि धडधडलं! असं धडधडलं की फाटकावरचे पक्षी उडाले. मी आणि फ्यूज एकमेकांच्या गळ्यात पडलो. त्याच्या पेटीतले पाने खळखळले. इंजिन मोठ्या आवाजात तापत राहिलं. मी घड्याळ धरून मोजत होतो. पाच मिनिटांनी तिनं एकदा हलकेच रेस दिली आणि आवाज उतरला, एकसारखा झाला, गुळगुळीत झाला. झडप उघडली. त्या बर्फाच्या सकाळी, कुणाचाही हात न लागता. मी रडत होतो हे मला फ्यूजनं आपला मफलर पुढे केला तेव्हा कळलं. त्याचेही डोळे पुसायच्या लायकीचे होते, म्हणून मफलर आम्ही वाटून घेतला.

आनंदाच्या भरात लपायचं राहूनच गेलं. फाटक उघडलं आणि दिव्यांचा झोत थेट आमच्यावर. आम्ही दोघं रस्त्याच्या मधोमध, एक मफलर धरून उभे. घड्याळात पाच चव्वेचाळीस झाले होते.

ट्रक आमच्यासमोर थांबला. काच खाली आली. तिच्या नाकाचा शेंडा थंडीनं लाल झाला होता, केस विस्कटले होते, आणि मागे हॉस्पिटलचे पाव होते. ती आमच्याकडे बघत राहिली. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. खूप सांगायचं होतं.

‘‘बाबा, बाजूला व्हा,’’ ती म्हणाली. ‘‘उशीर होतोय.’’ मग फ्यूजकडे बघून म्हणाली, ‘‘तू पण.’’

आम्ही दोघं बाजूला झालो, आणि ती आमच्यामधून निघून गेली.